शेंदूर लावलेल्या बारा जाळ्या

काळा रंग सगळं झाकतो, अशी पुरुषांची समजूत असते. निदान आमच्या शेडमधल्या पुरुषांची तरी होती. पत्र्यावर गंज असो, तेल असो, बोटांचे ठसे असोत, वरून काळा फवारा मारला की काम झालं. सहा महिन्यांनी तोच रंग पापडासारखा सुटून आला की दोष डब्याचा, उन्हाचा, नाहीतर गिऱ्हाइकाचा. मारणाऱ्याचा दोष मी तरी कधी ऐकला नाही.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. शिरूरला, नगर रस्त्यापासून थोडं आत, आमची पत्र्याची शेड होती. नवरा स्पीकरची खोकी बनवायचा. प्लायवूडची, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या मारलेली, छातीएवढी उंच. लग्नाची वरात, गावची यात्रा, पुढाऱ्याची सभा, सगळीकडे ही खोकी लागायला लागली होती. त्यांतून जे बाहेर यायचं ते ऐकायची मला कधी हौस नव्हती, पण पोट त्यावर चालत होतं, म्हणून मी कानावर पदर घेऊन गप्प बसायचे.

खोक्याच्या तोंडावर बारीक भोकांच्या पत्र्याची जाळी बसते. आतला कागदी पडदा फाटू नये म्हणून ती असते. लोक तिला लाथा मारतात, टेम्पोत चढवताना ती दोरखंडाला घासते, तिच्यावर गुलाल पडतो, सरबत सांडतं, आणि नवरदेवाचा प्यालेला मामा तिला टेकून नाचतो. सगळ्या खोक्यात मार खाणारी वस्तू ती एकच, आणि आमच्याकडे सगळ्यांत वाईट काम व्हायचं ते तिचंच.

जाळ्या रंगवण्याचं काम थोरल्या दिरांकडे होतं. ते आर्टिस्ट होते. हे मी म्हणत नाही, शेडच्या दारावर त्यांनी स्वतःच तसं लिहून ठेवलं होतं, अक्षरांना लाल सावली देऊन. तरुणपणी त्यांनी ट्रकच्या पाठीवर मोर काढले, दुकानांच्या पाट्या केल्या, निवडणुकीत भिंती रंगवल्या. हात सुंदर होता, तेवढं कबूल करावंच लागेल. पण पाटी उंचावर टांगलेली असते, तिला कोणी लाथ मारत नाही. हा फरक त्यांना पंधरा वर्षांत कळला नव्हता. कुठल्याही कामाची सुरुवात ते शेंदरानं करायचे. तेलात कालवलेल्या शेंदराची एक वाटी त्यांच्या कुंचल्यांशेजारी कायम असायची. नव्या पाटीवर बोटानं छोटं स्वस्तिक काढायचं, नमस्कार करायचा, मग फडक्यानं पुसून वरून रंग. त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं. वाटायला हवं होतं.

जाळीची त्यांची पद्धत अशी. पुण्याहून पत्रा यायचा तो तेलकट, वाटेत गंज धरू नये म्हणून तेल लावलेला. ते तेल काढायला ते रॉकेलचा बोळा फिरवायचे. पत्रा चमकायचा. ‘आरसा झाला’ असं म्हणायचे, आणि त्या आरशावर लगेच रंग मारायचे, तोही एकदाच आणि जाड. ज्या बाईनं आयुष्यात एक तवा घासलाय तिला कोणी सांगावं लागत नाही की रॉकेलनं तेल जात नाही, फक्त पसरतं. तेलकट तव्यावर पाणी टाका, ते मोती होऊन पळतं. रंगही तसाच पळायचा. त्याला पळायला सहा महिने लागायचे एवढंच.

हे मी त्यांना सांगू शकत नव्हते. आमच्या घरात धाकटी सून थोरल्या दिराशी बोलत नसे. काही सांगायचं तर नवऱ्याला सांगायचं, दीर दोन हातांवर उभे असले तरी. “भाऊजींना म्हणावं चहा झालाय,” असं मी नवऱ्याला म्हणायचे, आणि दीर भिंतीकडे बघत म्हणायचे, “आण म्हणावं.” नवरा मध्ये उभा राहून दोन्हीकडे मान हलवायचा. चहापुरतं हे टपाल ठीक होतं. रंगाचं पत्र मात्र पोचायचं नाही, कारण नवऱ्याला भावाची भीती वाटायची आणि वाटेत अर्धा मजकूर तो गिळून टाकायचा. खोकी मात्र काटकोनात करायचा, हे त्याच्या बाजूनं सांगते.

आमचं अर्धं काम एकाच गिऱ्हाइकावर चालायचं. केंदूरकडचा साउंडवाला. त्याच्या आज्याची मेंढरं होती, बापानं मेंढरं सोडून शेती धरली, आणि यानं शेती भावावर सोपवून स्पीकर धरले. पन्नाशीचा गडी, सगळे त्याला आप्पा म्हणायचे. माल बघायची त्याची रीत घरातून आलेली होती. मेंढी घेताना लोकर बोटांनी फाकवून खालचं कातडं बघतात, तसा तो जाळीच्या कडेला अंगठ्याचं नख लावून रंग फाकवून बघायचा. दिरांना तो अडाणी वाटायचा. माझ्या मते शेडमध्ये येणाऱ्यांत डोळे असलेला तो एकटाच होता.

एका फाल्गुनात तो टेम्पो घेऊन आला आणि मागच्याच वर्षी नेलेल्या चार जाळ्या त्यानं दारात ओळीनं मांडल्या. कडांना गंज, मध्ये रंगाचे पोपडे, आणि एकीची भोकं जाड रंगानं बुजून गेलेली. असल्या जाळीतून आवाज तोंडात भाकरीचा घास धरून बोलल्यासारखा येतो.

“ही जाळी हाय का लूत लागल्यालं मेंढरू?” त्यानं विचारलं.

दीर म्हणाले की आजकाल रंगच पूर्वीसारखा येत नाही. आप्पानं ते ऐकून घेतलं. मग त्यानं नवऱ्याला सांगितलं की अक्षय्य तृतीयेला तो नवा सेट काढतोय, चोवीस खोकी, चोवीस जाळ्या. दुसऱ्याच दिवशी न्हावऱ्याला लग्नाची सुपारी घेतलेली आहे. काम आमच्याकडेच देतो, पण ही शेवटची खेप. ह्या जाळ्या सुटल्या तर पुढची खोकी पुण्याहून आणि जाळ्या रांजणगावला पावडर कोटिंगला.

आप्पा गेला असता तर शेड गेली असती. मग चाळिशीतल्या माझ्या नवऱ्यानं रांजणगावला कारखान्याच्या गेटवर ठेकेदाराचा हेल्पर म्हणून उभं राहायचं. त्याच्या ओळखीचे तिघं तसे उभे राहत होते. वीस वर्षं स्वतःच्या हातानं वस्तू केलेली माणसं, आता सुपरवायझर नावाचं पोर म्हणेल तिथून खोकं उचलायचं आणि म्हणेल तिथं ठेवायचं. दिरांना काळजी नव्हती. आर्टिस्टला शेड लागत नाही.

त्या दिवशी दुपारी घरात भांडी लावताना माझं लक्ष कपाटाकडे गेलं. माझ्या लग्नात माहेरहून आलेलं लोखंडी कपाट. माझं माहेर दौंड. ते कपाट तीन घरं फिरलं, एकदा बैलगाडीतून आलं, मुलांनी त्यावर चेंडू मारले, आणि पंधरा वर्षांत त्याचा कुठं टवका उडाला नव्हता. मी नख लावून बघितलं, आप्पासारखं. रंग हलला नाही. मग मला स्वतःचाच राग आला. रोज ज्या कपाटातून पातळ काढते, त्याला विचारायचं सोडून मी नवऱ्याच्या मानेकडे बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी दौंडची एसटी पकडली. भावानं ते कपाट जिथून घेतलं होतं तिथं गेले, दुकानदारानं रंगाऱ्याचा पत्ता सांगितला. स्टेशनच्या पलीकडे, रेल्वेच्या चाळींच्या मागं, एका छपरात एक म्हातारे चाचा पत्र्याच्या पेट्या रंगवत होते. रेल्वेत रंगाऱ्याचं काम करून निवृत्त झालेले. अंगात पांढरा सदरा, पांढरा लेंगा, आणि दोन्हीवर रंगाचा एक थेंब नाही. ते त्यांनी मला लगेच दाखवलंही. रंगाऱ्याचे कपडे रंगले असतील तर तेवढा रंग कपाटावर गेलेला नसतो, असं त्यांचं म्हणणं. आमच्या घरचे आर्टिस्ट रंगपंचमी खेळून आल्यासारखे दिसायचे, ते मला आठवलं.

मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“तुमचे दीर आर्टिस्ट हैत का?”

“दारावर तसं लिहिलंय.”

“तब तो मुश्कील हाय.”

मग त्यांनी माझ्यापुढं जाळीचा एक तुकडा टाकला आणि साफ करून आणायला सांगितला. मी सोड्याच्या गरम पाण्यानं घासला, धुतला, उन्हात वाळवून आणला. त्यांनी पांढऱ्या फडक्याला थिनर लावून तो पुसला आणि फडकं माझ्यासमोर धरलं. राखाडी झालेलं. मी पुन्हा घासला. पुन्हा राखाडी, थोडं कमी. तिसऱ्या वेळी फडकं पांढरं राहिलं. मी खूश होऊन तुकडा उचलून त्यांच्या हातात दिला. त्यांनी त्यावर रंग मारला, माळ्यावर ठेवला आणि मला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. मी माहेरी मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी नव्या ब्लेडनं रंगावर बारीक फुली मारली, चिकटपट्टी घट्ट दाबली आणि झटक्यात खेचली. मी जिथं धरलं होतं तिथं, बोटाच्या टोकाएवढा रंग पट्टीबरोबर आला.

“काल सकाळी डोक्याला तेल लावलेलं का, बाई?”

लावलं होतं. वेणी घालून एसटीत बसले होते.

“ते आता हिथं हाय,” ते म्हणाले आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी दिरांकडे बघायचे. मला ते झोंबलं, पण खोटं नव्हतं.

दोन दिवसांत त्यांनी जे शिकवलं ते एका पानात मावेल, आणि आमच्या शेडमध्ये पंधरा वर्षांत त्यातलं एक अक्षर शिरलं नव्हतं. धुऊन झालं की बारीक पॉलिश पेपरनं पत्रा खरवडायचा, चमक मारायची, कारण चमकत्या पत्र्यावर रंगाला पाय रोवायला जागा मिळत नाही. पुन्हा थिनरनं पुसायचा, फडकं पांढरं राहीपर्यंत. मग उघडा हात लावायचा नाही, तारेच्या आकड्यानं उचलून टांगायचा. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सकाळी सोडायचं, नाहीतर ते रंगातून बाहेर येतं. आधी राखाडी प्रायमर, मग काळा, तोही तीन पातळ हातांत. फवाऱ्याची गन जाळीच्या बाहेर सुरू करायची आणि पलीकडे गेल्यावरच बंद करायची. समोरून मारायचं नाही, एकदा डावीकडून तिरपं, एकदा उजवीकडून तिरपं, म्हणजे भोकांच्या कडा रंगतात आणि भोकं उघडी राहतात. पहिला हात इतका विरळ, की बघणाऱ्याला वाटावं रंग चोरला. मला ते लगेच जमलं. अंगणात सडा टाकणाऱ्या बाईला वेगळं काय शिकवायचं? पुरुष बादली ओततात, तिथं घोटाळा होतो.

आणि शेवटचं म्हणजे आठ दिवस थांबायचं. हाताला वाळलेला लागतो, पण आतून कच्चा असतो. “विरजण लावलेलं भांडं सारखं हलवलं तर दही लागतंय काय?” एवढंच ते म्हणाले आणि पेट्यांकडे वळले.

परत येऊन मी नवऱ्याला सांगितलं, दीर खाटेवर बसून ऐकत असताना. भाऊजींना म्हणावं, या खेपेला रॉकेल नाही. भाऊजींना म्हणावं, प्रायमर लागेल. या वेळी नवऱ्यानं एक शब्दही गिळला नाही. रांजणगावचं गेट त्यालाही दिसत होतं.

दीर भिंतीला म्हणाले, “दोन दिवस दौंडला जाऊन आली, आता आम्हाला ब्रश धरायला शिकवती म्हणावं.”

शेवटी जो तोडगा निघाला तो पुरुषांच्याच डोक्यातून निघाला, हे तो ऐकूनच कळेल. घासणं, धुणं, खरवडणं आणि प्रायमर, हे सगळं चोवीस जाळ्यांना मी करायचं. वरचा काळा रंग बारा जाळ्यांना मी आणि बारांना दिरांनी. म्हणजे न दिसणारं काम बाईनं करायचं आणि दिसणारं निम्मं तरी आर्टिस्टनं. मी हो म्हटलं. खालचं काम नीट असलं तर वरती ते फार वाईट काय करणार, असा माझा हिशेब होता.

शेडमध्ये एक जुनी गन पडून होती, बिघडली म्हणून टाकलेली. बिघडली नव्हती, आतला रंग कोणी धुतला नव्हता. ती मी रात्रभर थिनरमध्ये भिजत ठेवली, झाडूच्या काडीनं तोंड मोकळं केलं आणि ती चालायला लागली. तोंडाला फडकं बांधून, हातात मोजे घालून मी कामाला लागले. शेजारच्या वेल्डिंगवाल्याला त्याची गंमत वाटली. डॉक्टरीणबाई ऑपरेशनला निघाल्या, असं तो जाता-येता म्हणायचा. त्याच्या स्वतःच्या दोन्ही भुवया जळालेल्या होत्या, म्हणून मी उत्तर देण्याचे कष्ट घेतले नाहीत.

प्रत्येक जाळीच्या वरच्या कडेला वीतभर रुंदीची सपाट पट्टी सोडलेली होती, बिनभोकांची, मालकाचं नाव लिहायला. पाच दिवसांत चोवीसच्या चोवीस जाळ्या प्रायमर होऊन तारेवर टांगल्या गेल्या. सहाव्या दिवशी मी माझ्या बारांना काळा रंग दिला. सातव्या दिवशी सोमवार होता. मी बाजारात गेले. परत आले तेव्हा दिरांच्या बारा जाळ्याही काळ्या झाल्या होत्या. मी लांबून बघितल्या. थर जरा जाड होता, पण भोकं उघडी होती. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. माणूस शिकतो, असं मनात येऊन गेलं. असले विचार मी सहसा करत नाही.

पुढचे आठ दिवस जाळ्यांना कोणाला हात लावू दिला नाही. बाहेर उन्हाळा तापला होता, शेड भट्टीसारखी होती, रंगाला यापेक्षा चांगली हवा नाही. दीर रोज दोनदा म्हणायचे की वाळलेल्या रंगाची राखण करणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच बघितली.

अक्षय्य तृतीयेला आप्पा सकाळीच आला, कपाळाला टिळा, टेम्पोला झेंडूचं तोरण, हातात नारळ. रीत अशी, की नव्या खोक्यावर नारळ फोडायचा, जाळीला हळदकुंकवाची बोटं ओढायची आणि मग माल हलवायचा. मी त्याला म्हटलं, आप्पा, आधी परीक्षा घ्या, नारळ नंतर. ब्लेड आणि चिकटपट्टी त्याच्याच हातात दिली. कोणतीही जाळी तुम्ही निवडा, म्हटलं. हा माझा तोरा होता, हे मी लपवत नाही. दौंडला टोचून घेतलेलं उसनं कुठंतरी फेडायचं होतं.

त्याला ते फार आवडलं. मेंढरांच्या बाजारात हिंडावं तसा तो हात पाठीमागं बांधून दोन्ही ओळींतून फिरला. माझ्या ओळीतली एक काढली, नावाच्या पट्टीवर फुली मारली, चिकटपट्टी दाबली, खेचली. काही नाही. दुसरी काढली, काही नाही. मग तो पलीकडच्या ओळीत गेला आणि तिथली एक काढली. खेचली, तशी बोटभर लांब काळी साल पट्टीला चिकटून आली.

मग दीर नवऱ्याकडे बघून म्हणाले, “बायामान्साच्या प्रायमरवर काय ऱ्हाणार हाय?”

नवऱ्यानं खाली बघितलं. क्षणभर मलाही तसंच वाटलं. कुठं बोट लागलं असेल, कुठं फडकं पांढरं नसताना मी पुढं गेले असेन. मी आप्पाच्या हातातून ब्लेड घेतलं आणि सुटलेल्या कडेत घालून रंग उचलायला लागले. रंग येत गेला आणि एका ठिकाणी थांबला. मी दुसऱ्या बाजूनं उचलला. तिथंही वाकड्या रेषेवर थांबला. पुढं तसूभरही हलेना. खालचा राखाडी प्रायमर जागच्या जागी होता, फक्त त्यावर नारिंगी झाक होती. चार हात मोकळे झाले, चार कोनांत चार ठिपके मोकळे झाले. काळ्या पट्टीच्या मधोमध स्वस्तिक उभं राहिलं.

मी दुसरी जाळी काढली, तिसरी काढली. बाराही जाळ्यांवर, त्याच जागी, त्याच मापाचं. हात सुंदर होता, म्हटलं ना.

आप्पा वाकून बघत होता. “आवो, गणपतीनं सही क्येली की,” तो म्हणाला. वेल्डिंगवाला दारातून हसला.

दीर पुन्हा नवऱ्याला म्हणाले, “कामाच्या आधी द्येवाचं नाव घेतलं, त्यात काय गुन्हा झाला म्हणावं?”

त्या वेळी मी नवऱ्याकडे बघितलं नाही. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी सरळ त्यांच्याकडे तोंड करून बोलले.

“नाव तोंडानं घ्यायचं, भाऊजी. तेलानं न्हाई.”

त्यांनी पायताण घातलं आणि रस्त्याकडे निघून गेले. मला वाटलं होतं आभाळ कोसळेल. काही झालं नाही. इतकी वर्षं हे टपाल कशासाठी चालवलं, असा मात्र प्रश्न पडला.

आता प्रश्न आप्पाचा होता. दुसऱ्या दिवशी न्हावऱ्याला वरात, आणि चोवीसातल्या बारा जाळ्या बाद. त्यानंच वाट सुचवली. एकेक हात वरून मारून द्या, म्हणाला, उद्याचा दिवस निघून जाईल, मग बघू. नवऱ्याचा चेहरा उजळला. सोपं होतं. तासाभरात झालं असतं, आणि उद्या खरंच कोणाला दिसलं नसतं.

“उद्याचा निघंल,” मी म्हटलं. “आन् आखाडात तुम्ही परत लुतीचं मेंढरू आणून दारात मांडाल. ह्या बारा जाळ्या शेडच्या बाहेर जाणार न्हाईत.”

आप्पाच्या हातात नारळ होता, टेम्पो सुरू होता, आणि सुपारी दिलेले लोक न्हावऱ्याला मांडव घालत होते. तो निघून गेला असता तर सगळं तिथंच संपलं असतं, आणि माझ्याच तोंडानं संपलं असतं. नवरा हातातली लोखंडी पट्टी मोजत होता, जिची मापं त्याला पाठ होती.

“तुमच्या बारा नेतो,” आप्पा शेवटी म्हणाला. “ऱ्हायल्याल्या खोक्यांस्नी काळं कापड लावतो, वरातीत कोण बघतंय. पर वहिनी, दुसऱ्या बारांना तुमच्याबिगार कुणाचा हात लागला, तर मी त्या बगणार बी न्हाई.”

नारळ त्यानं टेम्पोच्या चाकापुढं फोडला. जाळ्यांना हळदकुंकू लावलं नाही. जाताना तोरणातलं एक फूल तेवढं खोक्याच्या लाकडाला खोचलं.

त्या दिवसापासून रंगाच्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला आली. बाराही जाळ्या मी पत्र्यापर्यंत खरवडल्या आणि पहिल्यापासून केल्या. आठ दिवस टांगल्या. आप्पा आला, सगळ्यांना नख लावलं आणि पुढच्या सेटची मापं सांगून गेला. नवरा रांजणगावच्या गेटवर कधी उभा राहिला नाही. पुढं सात-आठ वर्षं, स्पीकर प्लॅस्टिकच्या खोक्यांतून यायला लागेपर्यंत, शेड चालली. कुठून कुठून माणसं जाळ्या घेऊन येत. त्यातले बरेचजण माझ्याशी न बोलता नवऱ्याला विचारत, बाईंना म्हणावं कधी मिळतील. माझं उत्तर ठरलेलं असे, आठ दिवसांनी.

दीर पंधरा दिवसांनी परत आले, जसं काही झालंच नव्हतं. आता ते माझ्याशी थेट बोलत, कारण पूर्वीची रीत एकदा मोडली ती मोडली. गिऱ्हाइकं मात्र ताज्या रंगावर बोटं ओढायची थांबेनात, म्हणून मी दिरांना एक पाटी करायला सांगितली. रंग दिल्यावर आठ दिवस जाळीला हळदकुंकू, शेंदूर, तेल लावू नये. त्यांनी ती मनापासून केली. अक्षरांना लाल सावली, कोपऱ्यांत वेलबुट्टी. पत्रा मी धुऊन देते म्हटलं, तर म्हणाले की पाटी आणि जाळी यांत फरक असतो, हे तुला कळायचं नाही.

दोन पावसाळ्यांत पाटीची साल निघाली. आप्पाच्या जाळ्या मी मागच्या वर्षी एका लग्नात बघितल्या. खोकी बदललीत, मालक त्याचा पुतण्या आहे. मी जवळ जाऊन कडेला नख लावलं, रंग हलला नाही. पुतण्यानं मला हटकलं, म्हातारे, लांब हो, शॉक बसंल. मी लांब झाले. बघायचं ते बघून झालं होतं.